प्लॅनमध्ये काटकोन, जिन्यावर मात्र पाइप बसत नाही

जिन्याच्या रेलिंगचा दीड इंची स्टेनलेस पाइप, दोन्ही बाजूंना चढता जिना आणि मधल्या कोपऱ्यावर एक बाक, म्हणजे पाइप वाकवून केलेलं वळण. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या ड्रॉइंगमध्ये, स्वच्छ काटकोन दिसतो. बेंडिंगवाला ९० अंशांत वाकवून देतो, गुण्या लावून दाखवतो, तक्रारीला जागाच नसते. साइटवर नेला की एक हात जिन्याच्या उताराला अचूक बसतो आणि दुसरा हवेत तरंगतो. मग फिटर ग्राइंडर काढतो, बाकाजवळ कापतो, थोडं वळवून टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारतो, आणि त्या जागी आयुष्यभर दिसणारी एक गाठ राहते.

मी भोसरीत फॅब्रिकेशनची ड्रॉइंग काढतो. ही तक्रार माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येते आणि सांगणारा नेहमी एकच गोष्ट सांगतो: ‘मागच्या साइटवर ९० चाच बाक मारला होता, तिथे बसला की!’ तो खोटं बोलत नसतो. तिथे बसला होता, आणि खरी फसगत तिथेच आहे.

तीन कोपरे घ्या. पहिल्यात पाइप एका बाजूने चढत येतो आणि कोपऱ्यावरून दुसऱ्या दिशेला आडवा, लेव्हलमध्ये जातो. दुसऱ्यात चढत येतो आणि वळून चढतच जातो. तिसऱ्यात चढत येतो आणि वळून उतरतो. ओट्याला दोन लगतच्या बाजूंनी पायऱ्या असल्या तर असा कोपरा क्वचित भेटतो. प्लॅनमध्ये तिन्ही ठिकाणी ९० अंश. पायरीची उंची १६५ मिमी आणि रुंदी २७५ मिमी धरली तर जिन्याचा उतार ०.६, म्हणजे सुमारे ३१ अंश. या उताराला पहिल्या कोपऱ्याचं खरं वळण ९० अंशच येतं. दुसऱ्याचं ७४.६५. तिसऱ्याचं १०५.३५. ज्याला आधीच्या साइटवर पहिला कोपरा मिळाला त्याचा पाइप बसला. या साइटवर दुसरा मिळाला आणि पाइप पंधरा अंशांनी चुकला.

असं का होतं ते हाताने करून बघा. दोन सरळ सळया कोपऱ्यात टेकवून काटकोन करा आणि जमिनीवर ठेवा. आता एका सळईचं मोकळं टोक खाली दाबलंत आणि दुसरीचं वर उचललंत, पण वरून दिसणारा काटकोन मोडू दिला नाहीत, तर सळयांमधला खरा कोन उघडत जातो. खालून चढत येणाऱ्या आणि पुढे चढत जाणाऱ्या पाइपची स्थिती हीच. दोन्ही हात कोपऱ्यापासून खाली गेले तर तो कोन मिटतो. एक हात लेव्हलमध्येच राहिला आणि दुसरा त्याच्याभोवती कितीही वरखाली झाला तरी काटकोन हलत नाही, कारण आडव्या हाताला लंब असलेल्या उभ्या प्रतलातच तो दुसरा हात फिरत असतो. दाराच्या बिजागरीसारखं.

सूत्र एका ओळीत बसतं. वळणाचा कॉस = (प्लॅनमधल्या वळणाचा कॉस × पहिल्या उताराचा कॉस × दुसऱ्या उताराचा कॉस) + (पहिल्या उताराचा साइन × दुसऱ्या उताराचा साइन). चढ असेल तर कोन धन, उतार असेल तर ऋण. प्लॅनमध्ये ९० असेल तर पहिला तुकडा शून्य होतो आणि फक्त साइन गुणिले साइन उरतं. आपल्या जिन्याला ते ०.२६४७, आणि त्यावरून ७४.६५ अंश.

इथे ‘वळण’ म्हणजे सरळ जाणारा पाइप किती अंशांनी दिशा बदलतो ते. बेंडिंग मशीनवर हाच आकडा लागतो. ड्रॉइंगवर कोनमापक लावून येतो तो दोन हातांमधला आतला कोन, म्हणजे १८० वजा वळण. काटकोनाला दोन्ही ९०, त्यामुळे आयुष्यभर काटकोनच वाकवणाऱ्याला हा फरक कधी जाणवलेलाच नसतो. आपल्या दुसऱ्या कोपऱ्यात आतला कोन १०५.३५ आहे. तो ऐकून मशीनवर १०५ मारणारे मी पाहिले आहेत. पाइप तीस अंशांनी जास्त वाकतो आणि भंगारात जातो. म्हणून फोनवर कोन सांगायचाच नाही. सांगितलात तर ‘सरळपासून किती’ हे शब्द जोडा.

बाकाचं गणित कुठल्या कागदावर करायचं

एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा कुठेही, कशाही तिरक्या असल्या तरी त्यांच्यातून एक सपाट प्रतल जातंच, आणि एकच जातं. त्या दोन रेषांना स्पर्श करणारा वर्तुळाचा कंस त्या प्रतलातच असतो. म्हणजे पाटी जिन्यावर तिरकी धरून त्या पाटीवर कंस काढायचा. पाटी सरळ झाली की गणित दहावीचंच उरतं: बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड सारखे असतात.

कोपऱ्याच्या बिंदूपासून प्रत्येक हातावर किती मागे बाक सुरू होतो ती स्पर्शलांबी. स्पर्शलांबी = त्रिज्या × टॅन(वळण ÷ २). त्रिज्या पाइपच्या मध्यरेषेची घ्यायची. डायवर, म्हणजे पाइप ज्या साच्याभोवती वाकवतात त्यावर, साडेचार इंच लिहिलेलं असेल तर ते मध्यरेषेचं आहे की आतल्या कडेचं हे एकदा विचारून घ्या, दीड इंची पाइपला त्यात १९ मिमीचा फरक पडतो. मध्यरेषेची त्रिज्या ११४ मिमी धरून दुसऱ्या कोपऱ्याला स्पर्शलांबी ८६.९ मिमी येते आणि कंसाची लांबी १४८.५. काटकोन समजून केलं असतं तर हेच आकडे ११४ आणि १७९.१ आले असते. दोन्ही हातांच्या कोपऱ्यापर्यंतच्या लांबीतून दोन स्पर्शलांब्या वजा करा आणि कंस मिळवा, की कापायची लांबी मिळते. खऱ्या वळणाला वजावट २५.३ मिमी, चुकीच्या काटकोनाला ४८.९. म्हणजे कोन तर चुकतोच, वर पाइपही साधारण २४ मिमी आखूड कापला जातो. नंतर मशीनवर कोन सुधारून मारला तरी तो पाइप पुरत नाही. ‘कोन बरोबर केला तरी कमी पडतोय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा कटिंगच्या जुन्या आकड्यात असतं.

आता आणखी एक सवय. प्लॅनमध्ये ११४ चा गोल कोपरा काढायचा, मग त्याला उंची देऊन उचलायचा. दिसायला सुंदर. पण तिरक्या पाटीवरचं वर्तुळ वरून पाहिलं तर लंबवर्तुळ दिसतं. आपल्या कोपऱ्याची पाटी जमिनीशी ४०.३ अंश तिरकी आहे, त्यामुळे ११४ चा खरा कंस प्लॅनमध्ये एका दिशेने ११४ आणि दुसऱ्या दिशेने ८६.९ अशा लंबवर्तुळाचा तुकडा म्हणून दिसतो. उलट, प्लॅनमध्ये गोल दिसणारा आणि एकसारखा चढणारा बाक म्हणजे स्प्रिंगचा तुकडा. तो कुठल्याच सपाट पाटीवर बसत नाही, डायवरच्या मशीनवर निघत नाही; रोलिंगवाल्याकडे जावं लागतं. शिवाय त्यात उंची कमी पडते. कोपऱ्यापर्यंत जाऊन वळणारी सरळ रेघ प्लॅनमधल्या ११४ + ११४, म्हणजे २२८ मिमीत १३६.८ चढते, तर प्लॅनमधला १७९ मिमीचा गोल वळसा फक्त १०७.४ चढतो. हे २९ मिमी कुठेतरी उगवतातच, बहुधा वरच्या खांबाच्या टोपीखाली फटीच्या रूपाने.

मोबाइलवरचा साधा कॅल्क्युलेटर पुरतो

साइटवर साइन-कॉस कुणी मागत नाही, म्हणून मी दोरीने मोजायला लावतो. दोन्ही हातांच्या मध्यरेषेवरून दोऱ्या ताणा, जिथे मिळतात तो कोपरा. त्या बिंदूपासून दोन्ही दोऱ्यांवर ५०० मिमीवर खूण करा. दोन खुणांमधलं सरळ अंतर टेपने मोजा. ७०७ आलं तर काटकोन. ७९५ आलं तर आपला दुसरा कोपरा. ६०६ आलं तर तिसरा.

मधलं काहीही आलं तरी चालतं. त्या अंतराला १००० ने भागा, येईल त्याला ‘भाग’ म्हणू. १ मधून भागाचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या, पुन्हा भागाने भागा आणि त्रिज्येने गुणा. झाली स्पर्शलांबी, कोन न काढताच. ७९५ घेऊन करून बघा: वर्ग ०.६३२, एकातून वजा ०.३६८, वर्गमूळ ०.६०७, भागिले ०.७९५ म्हणजे ०.७६३, गुणिले ११४ म्हणजे ८७. वरचे ८६.९ आणि हे ८७ जमले.

या मोजणीत उतार, प्लॅनचा कोन, पायरीची उंची यांपैकी काहीच लागत नाही आणि गवंड्याने जिना थोडा वाकडा बांधला असला तरी तोही हिशेबात येतो. ड्रॉइंगवरून काढलेलं वळण आणि दोरीवरून काढलेलं वळण यांत एका अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर मी दोरीचं मानतो. ५०० च्या जागी ३०० घेऊ नका, टेपची एक मिलिमीटरची चूक तिथे कोनात जास्त उठून दिसते.

दोऱ्या मिळतच नसतील तर

ही सगळ्यात त्रासदायक तऱ्हा. कागदावर दोन रेषा समांतर नसल्या तर कुठेतरी भेटतातच, म्हणून आपण गृहीत धरून चालतो. अवकाशात तसं नाही. उड्डाणपुलावरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशात एकमेकांना छेदतात, प्रत्यक्षात भेटत नाहीत. रेलिंगच्या दोन रेषांचं हेच होतं, फक्त अंतर सहा मिमी असतं म्हणून डोळ्याला दिसत नाही. न भेटणाऱ्या आणि समांतरही नसलेल्या दोन रेषांना स्पर्श करणारा एकच गोल कंस अस्तित्वातच नसतो. कितीही चांगला बेंडिंगवाला आणा.

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, याची चुणूक अशी मिळते: रेषा निवडून फिलेट (गोल कोपरा) दिला की प्रोग्रॅम नकार देतो, दोन वस्तू एका प्रतलात नाहीत म्हणतो. माणूस वरच्या दृश्यात झूम करून बघतो, रेषा मिळालेल्या दिसतात, आणि शिव्या प्रोग्रॅमला पडतात. बाजूचं दृश्य लावा, फट दिसेल. बरेचदा कारण साधं असतं, एका रेषेचं टोक पकडताना स्नॅप (बिंदू आपोआप पकडणारी सोय) दुसऱ्याच उंचीवरच्या बिंदूला लागलेलं असतं. ऑटोकॅडमध्ये तर वरून छेदल्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूला पकडणारं वेगळं स्नॅपच आहे. ते चालू राहिलं तर हा घोटाळा हमखास.

दुसरं कारण जिन्यातच असतं. लॅंडिंगच्या कडेवर खालच्या जिन्याची शेवटची पायरी संपते आणि वरच्या जिन्याची पहिली सुरू होते, तिथे दोन्ही रेलिंगच्या रेषा एका पायरीच्या उंचीने, म्हणजे १६५ मिमीने, वरखाली असतात. त्या तिथेच जोडायला गेलात तर जुळणारच नाहीत. खालची रेघ चढत्या दिशेने लॅंडिंगवर अर्धी पायरी, १३७.५ मिमी, पुढे न्या. तिथे ती ८२.५ चढलेली असते. वरची रेघ तेवढीच मागे आणा, ती ८२.५ उतरलेली असते. दोन्ही एका उंचीवर. इंग्रजी यू आकाराच्या जिन्याला तिथून आडवा तुकडा जातो, चौकोनी लॅंडिंगच्या कोपऱ्याला दोन्ही तिरके पाइप तिथे थेट भेटतात. आर्किटेक्टने खांब अर्धी पायरी आत दाखवलेला असतो तो याचसाठी, आणि साइटवर ‘जागा खातो’ म्हणून सरकवला जातो तोही हाच.

तिसरं कारण फरशी. माप घेतलं तेव्हा पायऱ्यांवर ग्रॅनाइट बसलेलं होतं, लॅंडिंग उघडं होतं. नंतर कुठे १८ मिमी चढलं, कुठे ३०. माझ्या एका कामात यातून कोपऱ्यावर सहा मिमीचा फरक आला. आपल्या दुसऱ्या कोपऱ्याच्या भूमितीत उंचीतला सहा मिमी फरक म्हणजे दोन रेषांमधलं सगळ्यात कमी अंतर ४.६ मिमी. एवढ्यासाठी पाइप टाकून द्यायचा नाही. १४०० मिमी लांबीच्या वरच्या हाताचं कोपऱ्याकडचं टोक सहा मिमी खाली घेतलं, लांबचं टोक तिथेच ठेवलं, की उतार पाव अंशाने बदलतो. कुणालाही दिसत नाही, रेषा मात्र खरोखर भेटतात. मग पुन्हा दोरी लावून वळण मोजा. आधीचाच आकडा चालवू नका. चुकीच्या हाताचं टोक खाली खेचलंत तर फरक दुप्पट होतो, हेही अनुभवातलंच.

फरक मोठा असेल, समजा पन्नास-साठ मिमी, तर एका बाकाचा हट्ट सोडा. मध्ये एक छोटा सरळ तुकडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन बाक. तुकड्याला जागा आहे का ते मात्र बघावं लागतं.

जागेचा हिशेब

प्रत्येक मधल्या तुकड्यावर दोन बाकांच्या स्पर्शलांब्या दोन बाजूंनी आत घुसतात. त्यांची बेरीज तुकड्यापेक्षा जास्त झाली की कंस एकमेकांवर चढतात. यू जिन्यात दोन रेलिंगमध्ये मध्यरेषेचं अंतर २०० मिमी आहे आणि दोन्ही बाक काटकोनाचे, त्रिज्या ११४. लागतात २२८, आहेत २००. होणार नाही. कॅड इथे नेमकं काय झालं ते सांगत नाही. एकतर ‘त्रिज्या मोठी आहे’ म्हणतं किंवा पहिला बाक देऊन दुसऱ्याला अडतं. गणितात बरोबर २२८ असले तरी मशीनला बाकाच्या पुढे क्लॅम्पने पकडायला सरळ पाइप हवा, नाहीतर क्लॅम्पचा जबडा आधीच्या बाकावर चढून पाइप चेपतो. किती सरळ लागतो ते डायगणिक बदलतं, म्हणून बेंडिंगवाल्याचाच आकडा घ्या. मग उरते लहान त्रिज्येची डाय, नाहीतर तयार एल्बो आणून आर्गनने जोडणं. मी एल्बो निवडतो, पॉलिशवाला कुरकुरतो.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी

तीन बिंदूंचे सहनिर्देशक असतील तर सदिशांनी काम लवकर होतं. कोपरा शून्यावर ठेवा. खालचं टोक (−१५००, ०, −९००), वरचं टोक (०, १२००, ७२०). कोपऱ्यापासून दोन्हीकडे जाणारे एकक सदिश काढा: (−०.८५७, ०, −०.५१४) आणि (०, ०.८५७, ०.५१४). प्रत्येकाला स्पर्शलांबीने गुणलं की बाक सुरू होण्याचे आणि संपण्याचे बिंदू मिळतात: (−७४.५, ०, −४४.७) आणि (०, ७४.५, ४४.७). कंसाचं केंद्र दोन एकक सदिशांच्या बेरजेच्या दिशेला, म्हणजे कोनदुभाजकावर, कोपऱ्यापासून त्रिज्या ÷ कॉस(वळण ÷ २) अंतरावर, इथे १४३.४ मिमी. केंद्र आलं (−१०१.४, १०१.४, ०). दोन उतार सारखे असल्यामुळे ते कोपऱ्याच्याच उंचीवर आलं. वेगळे असते तर वर-खाली गेलं असतं. तपासायचं असेल तर केंद्रापासून सुरुवातीच्या बिंदूपर्यंतचं अंतर काढा, ११४ यायला हवं.

कोन काढताना मात्र कॉसच्या उलट फलनावर विसंबू नका. दोन तुकडे जवळजवळ एका रेषेत असले की आतली संख्या −१ च्या जवळ जाते, पूर्णांकनाच्या चुकीने कधी −१.००००००००००००००२ होते आणि चौकटीत त्रुटी येते. सदिश गुणाकाराची लांबी (वाय) आणि अदिश गुणाकार (एक्स), दोन्ही घेऊन ‘एटॅन२’ हे कोन देणारं फलन वापरा, तो अशा जागी ढळत नाही. पण प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांत एटॅन२ ला आधी ‘वाय’ द्यावा लागतो, नंतर ‘एक्स’. एक्सेल, कॅल्क आणि गूगल शीट्समध्ये आधी ‘एक्स’. कुणाचा तरी कोड बघून शीट बनवलं आणि आतल्या कोनाच्या १०५.३५ च्या ठिकाणी −१५.३५ असं काहीतरी यायला लागलं, तर क्रम उलटा झालाय, दुसरं काही शोधू नका.

आणि मोजताना सरळ पाइपवर मधला एक फालतू बिंदू घेतला असेल तर तिथे कोपराच नाही. दोन एकक सदिशांची बेरीज शून्य येते, शून्याने भागाकार होतो. असे बिंदू आधी काढून टाका.

ऑटोकॅडमध्ये त्रिमित पॉलिलाइनवर (अनेक तुकड्यांची जोडलेली एकच रेघ) फिलेट बसत नाही म्हणून दर वेळी कुणीतरी विचारतं. त्या पॉलिलाइनमध्ये फक्त सरळ तुकडे राहू शकतात, कंस ठेवायची सोयच नाही. ती फोडून सुट्या रेषा करा, एकेका कोपऱ्याला फिलेट द्या. सॉलिडवर्क्सच्या त्रिमित स्केचमध्ये कोपरे थेट गोल करता येतात.

फिरवायचं किती, आणि कुठल्या बाजूला

एक बाक असेपर्यंत हा प्रश्न नाही. दोन बाक आले की पहिला मारल्यावर पाइप स्वतःभोवती किती अंश फिरवून दुसरा मारायचा हे सांगावं लागतं. यू जिन्याच्या रेलिंगमध्ये दोन्ही बाक काटकोनाचे, पण मधल्या आडव्या तुकड्याच्या टोकाकडून त्याच्याच रोखाने पाहिलं तर एक हात ३१ अंश खाली झुकलेला दिसतो आणि दुसरा ३१ अंश वर. फिरवायचे ६२ अंश. उतार ३१ म्हणून ३१ फिरवणारे बरेच. त्यांचा पाइप जिन्यावर ठेवला की एक हात उताराला बसतो आणि दुसरा लेव्हलमध्ये लोंबतो, म्हणून तो लगेच ओळखता येतो.

बाजू चुकली तर ते वर्कशॉपमध्ये ओळखता येत नाही. ६२ डावीकडे ऐवजी ६२ उजवीकडे झाले तरी लांब्या बरोबर, दोन्ही वळणं बरोबर, टेपने मोजलेलं प्रत्येक अंतर बरोबर. दोन मोकळ्या टोकांमधलं अंतरसुद्धा बरोबर. पाइप आरशातला झालेला असतो. आमच्याकडे असा एक झाला, आणि फिटरने स्वाभाविकपणे तो उलटा करून पाहिला. मग टोकांची अदलाबदल केली. मग पालथा घातला. काही उपयोग नाही, कारण वरच्या टोकाकडून मोजा की खालच्या टोकाकडून, फिरवण्याची दिशा तीच राहते. उजव्या पिळाचा स्क्रू कुठल्याही टोकाने धरला तरी उजव्याच पिळाचा असतो.

तेव्हापासून ड्रॉइंगवर मी अंशांबरोबर एक वाक्य लिहितो: ‘पहिला बाक मारल्यावर मशीनच्या मागून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने’, किंवा उलट. शिवाय वेल्डिंगच्या तारेचा बोटभर नमुना वाकवून पाइपच्या गठ्ठ्याला बांधून देतो. बेंडिंगवाला ड्रॉइंग बघत नाही, तार बघतो.

तो आरशातला पाइप वाया गेला नाही. त्या इमारतीची बी विंग ए विंगची आरशातली प्रत होती. तिथे तो पहिल्या मजल्यावर बसला, एकही कट न मारता.